मेंढी धरून उभा राहिलेला मास्तर

हेडमास्तर शिवलिंगप्पा कलशेट्टी यांना आपल्या हाताखालच्या मास्तरांना वर काढायची लई हौस होती. ही हौस त्यांनी भिंतीवर टांगून ठेवली होती. त्यांच्या खुर्चीमागं काचेच्या चौकटीत 'शिक्षक-सुधार योजना' असं वळणदार अक्षरात लिहिलेलं, आणि खाली नऊ कलमं. शिपाई रामहरी रोज सकाळी ती काच थुंकी लावून पुसायचा. थुंकी कशाला, म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायचा, "पाण्यानं चकाकत न्हाय. आन् वाचतंय कोण?"

शाळा सोलापुरात भवानी पेठेच्या कडेला. खिडकी उघडली की मागांचा खडखडाट आत यायचा. वर्गात विणकरांची तेलुगू बोलणारी पोरं, दखनी बोलणारी पोरं, अक्कलकोटाकडची कानडी पोरं, आणि आमच्यासारखी हाय-न्हायवाली मराठी पोरं. ह्या सगळ्या खिचडीला एका भांड्यात शिजवायचं काम इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत, सिद्धनाथ बंडगर मास्तर करायचे. मी त्या वर्गात होतो, म्हणून हे सांगतोय.

बंडगर मैंदर्गीकडचे. बाप धुळा बंडगर, साठ-सत्तर मेंढरांचा धनी, आयुष्य उघड्यावर काढलेला. त्या माणसाचं पोरगं पुण्यात बोर्डिंगात राहून बी. ए. झालं. त्या मुलखात धनगराचा पोर बी. ए. झाला म्हणजे माणसं लांबून बघायला यायची, तशी आली. नंतर बंडगर सोलापूरच्या ह्या हायस्कुलात चिकटले आणि तिथंच अडकले. अडकले अशासाठी, की बी. ए. असले तरी ट्रेनिंग नव्हतं. ट्रेनिंग नाही तर कायम नाही. शाळेची रीत अशी, की कच्च्या मास्तरला एप्रिलअखेर मोकळं करायचं आणि जूनमध्ये परत बोलवायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार वाचला. दर उन्हाळ्यात बायको मुक्ताबाई बोचकं बांधून मैंदर्गीला, आणि दर जूनला परत. ती म्हणायची, "तुमी मास्तर हायसा का सालगडी? सालगड्याला तरी उन्हाळ्यात हाकलत न्हाईत."

ह्यातून सुटायची वाट एकच. मुंबईला ट्रेनिंग कॉलेजात एक वर्ष जायचं, बी. टी. होऊन यायचं. शाळा दरसाल एका मास्तरला अर्ध्या पगारावर पाठवायची आणि त्याची जागा राखून ठेवायची. कुणाला पाठवायचं हे एकटे हेडमास्तर ठरवायचे. बंडगर सहा वर्षं वाट बघत होते.

आता त्या योजनेचं सांगतो. शनिवारी सकाळची शाळा. शाळा सुटली, पोरं उंडारायला पळाली, की एका वर्गाला कोंडून ठेवायचं आणि एका मास्तरानं बाकीच्या मास्तरांसमोर पाठ घ्यायचा. त्यानंतर टीका. मास्तर लोकांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं, की कुणी कुणाला दुखवायचं नाही. एकानं म्हणायचं आवाज जरा चढा हवा, दुसऱ्यानं म्हणायचं फळ्याचा वापर वाढवावा, तिसऱ्यानं म्हणायचं एकंदरीत छान. तोवर हेडमास्तर मागच्या बाकावर हनुवटी छातीला लावून झोपलेले. टीका संपल्याचं कळलं की जागे व्हायचे आणि वहीत लिहायचे, 'बरा. सुधारणेस वाव.' बंडगरांच्या नावापुढं सहा वर्षांत हे वाक्य किती वेळा आलं असंल त्याचा नेम नाही. त्यांनी एकदा विचारलंही, "सर, काय सुधारू?" हेडमास्तर म्हणाले, "ते तुमचं तुम्हीच शोधायचं. यालाच स्वयंविकास म्हणतात."

वर्षातून एकदा हेडमास्तर स्वतः पाठ घ्यायचे. त्याला आदर्श पाठ म्हणायचं. त्याच्यावर टीका होत नसे. सगळ्यांनी एकामागून एक उठून, आपण आज काय शिकलो ते सांगायचं. 

एका शनिवारी बंडगरांची पाळी आली. विषय त्यांनी घेतला लोकर. त्यांचा चुलतभाऊ येडू तेव्हा हिप्परग्याच्या बाजूला मेंढरं घेऊन उतरला होता. त्याच्याकडनं एक मेंढी मागून आणली, आणि दोरी धरून सरळ वर्गात. पोरं बाकावर चढली. मास्तरांनी हाताच्या बोटांनी लोकर फाकवून आतली गोरी कातडी दाखवली. मग पोरांना एकेक करून हात लावायला दिला. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती मऊ. म्हाताऱ्या मेंढीची राठ. कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात कशी धुतात, ओली लोकर का कातरत नाहीत, सगळं सांगितलं. कानडी पोरांना कानडीत, आम्हाला आमच्यात. इतक्यात मेंढीनं आपलं काम केलं. फरशीवर टपटप लेंड्या पडल्या. पोरं नाक धरून हसाय लागली.

बंडगर म्हणाले, "हसू नका रं. ह्यासाठीच शेतकरी धनगराच्या पाया पडतो. रातभर मेंढरं रानात बसवतो आन् वर धान्य देतो. सांगा बघू, कशासाठी?"

मागच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, "खतासाठी!" त्या पोराचं वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं.

हेडमास्तर त्या दिवशी पहिल्यांदा जागे राहिले. नाकाला रुमाल लावून, पण जागे. टीकेच्या वेळी एक मास्तर म्हणाला, चित्रानं काम भागलं असतं. दुसरा म्हणाला, घाण झाली.  हेडमास्तरांनी वहीत लिहिलं, 'बरा. सुधारणेस वाव.'

दोन दिवसांनी त्यांनी बंडगरांना खोलीत बोलावलं. रामहरी दाराशी उभा होता. पुढचं सगळं त्याच्याकडनं मला कळलं, आणि रामहरी इकडचं तिकडं करायचा पण पदरचं घालत नसे.

"बंडगर, तुमच्या पाठात जीव आहे," हेडमास्तर म्हणाले, "पण मांडणी नाही. पुढल्या महिन्यात इन्स्पेक्टर साहेब येणार आहेत. हाच पाठ त्यांना दाखवू. मी स्वतः त्याला शास्त्रीय रूप देतो."

बंडगर फुलले. "व्हय सर. मी पुन्हा तयारी करतो."

"तुम्ही नाही. सोमलिंग घेईल."

सोमलिंग म्हणजे हेडमास्तरांच्या बहिणीचा पोरगा. जूनमध्ये लागलेला. केस चापून बसवलेले, खिशाला दोन टाक. पोरांवर ओरडायला लागला की त्याचाच आवाज फाटायचा.

"पण सर, मेंढी..."

"मेंढी तुम्ही धरा. सोमलिंगाला तिची सवय नाही. आणि असं करा, कोट-टोपी नको. घोंगडं घ्या, मुंडासं बांधा. पाठाला वातावरण लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मन मोठं ठेवा. यंदा सोमलिंगाचं नाव मुंबईला जातंय. पुढच्या वर्षी तुमचं. माझा शब्द."

बंडगरांनी टेबलावरचा, हेडमास्तरांनी लिहून काढलेला पाठ वाचला. मग एवढंच म्हणाले, "सर, तुमच्या कागदावर लोकर थंडीत कातरतात असं लिहिलंय. तसं नसतं."

"हिवाळ्यात माणसाला उबेची गरज असते, म्हणून हिवाळ्यात कातरतात. मुलांना कारण पटलं पाहिजे. तुम्हाला मेंढरं ठाऊक आहेत, मला शिक्षणशास्त्र."

बाहेर आल्यावर रामहरी म्हणाला, "मास्तर, तुमीच न्हाय म्हणायचं हुतं की."

"पुढच्या साली माझं नाव हाय म्हणत्यात."

"व्हय, म्हणत्यात," रामहरी म्हणाला आणि काच पुसायला आत गेला.

पुढं पंधरा दिवस आमची तालीम चालली. वीस पोरं निवडली. प्रत्येकाला एकेक उत्तर वाटून दिलं. माझ्या वाटणीला आलं, 'मेंढी हा गरीब व उपयुक्त प्राणी आहे.' सोमलिंग सर प्रश्न विचारायचे, आम्ही उठायचो, म्हणायचो, बसायचो. मागच्या बाकावरच्या त्या पोराला वगळलं, कारण तो उत्तराच्या आधी विचार करायचा. मेंढी तालमीला नव्हतीच. तिच्या जागी खुर्ची.

इन्स्पेक्टर आले तो दिवस. हेडमास्तरांच्या अंगावर नवा कोट. आमच्या वर्गाच्या दाराशी, भिंतीला टेकून, खांद्यावर काळं घोंगडं, डोक्याला मुंडासं, पायात जुन्या वहाणा, हातात मेंढीची दोरी, असे आमचे बी. ए. झालेले मास्तर उभे. आम्हाला ताकीद होती, त्यांच्याकडं बघायचं नाही. मी बघितलं. त्यांनी मान फिरवली.

पाठ धडाधड चालला. एकेक पोरगं उठत होतं, ओकत होतं, बसत होतं. सोमलिंग सर मेंढीच्या पाठीवर हात ठेवायला गेले तशी ती बिचकली आणि त्यांच्या नडगीवर खूर बसला. ते दोन हात मागं सरले ते पुन्हा पुढं आलेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, "लोकर केव्हा कातरतात?" ज्याच्या वाटणीचं उत्तर होतं तो उठला, "हिवाळ्यात, कारण तेव्हा माणसांस उबेची गरज असते."

इन्स्पेक्टर खुर्चीवर सरळ झाले. "अस्सं? मग मेंढीला थंडी वाजत नाही का?"

हे उत्तर कुणालाच वाटून दिलेलं नव्हतं.  सोमलिंग सरांच्या कपाळावर घाम. हेडमास्तर छताकडं बघत होते.

इन्स्पेक्टरांनी दाराकडं बघितलं. "काय रे, तू धनगर ना? तू सांग."

सगळा वर्ग बंडगरांकडं वळला. आता ते 'मी इथला शिक्षक आहे' म्हणतील असं मला वाटलं. हेडमास्तरांनाही वाटलं असणार, कारण ते नुसतं बघत नव्हते, डोळ्यांनी दाबत होते. बंडगरांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग मान खाली घातली.

"न्हाय जी," ते म्हणाले. "थंडीत कातरली तर मेंढरू गारठून मरंल. थंडी सरली की एकदा कातरायची, पाऊसकाळ उतरला की एकदा."

"शाबास!" इन्स्पेक्टर हेडमास्तरांकडं वळले. "हे मला आवडलं, कलशेट्टी. पुस्तकातली चूक दाखवायला तुम्ही अडाण्याला वर्गात आणलंत. ही नवी दृष्टी आहे."

हेडमास्तर नम्रपणे हसले. त्या हसण्याला काही लाज? शेणात पाय पडला तर माणूस निदान पाय पुसतो. ह्यांनी तेच अंगाला अत्तरासारखं लावून घेतलं.

"ह्याला चहा द्या," इन्स्पेक्टर जाता जाता म्हणाले.

रामहरी चहा घेऊन मागच्या पडवीत गेला. मास्तर घोंगडं घडी करत बसले होते. रामहरीनं दोन कप आणले होते, एक मास्तर लोकांचा, एक बिनकानाचा, बाहेरून येणाऱ्या गडीमाणसाला द्यायचा. "मास्तर, कुठल्यात ओतू? साहेबाचा हुकूम पाळायचा तर ह्यात ओताय पायजे."

मास्तरांनी बिनकानाचा घेतला. एका घोटात चहा संपवला आणि कप खाली ठेवताना म्हणाले, "एका वर्साचा परश्न हाय, रामहरी." रामहरी मला पुढं कैकदा हे सांगायचा आणि दर वेळी तोंड वाकडं करायचा. म्हणायचा, "मला राग हेडमास्तरचा आला नव्हता. त्या घोटाचा आला हुता."

सोमलिंग जूनमध्ये मुंबईला गेला. मुक्ताबाई बोचकं घेऊन मैंदर्गीहून परत आली.

पुढच्या जानेवारीत बंडगर हेडमास्तरांच्या खोलीत गेले. "सर, यंदा माझं नाव."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो बंडगर, माझ्या मनात तेच होतं. पण घोटाळा असा आहे, की निवडीवर इन्स्पेक्टर साहेबांची सही लागते. सहीच्या आधी ते उमेदवाराला बघतात. त्यांनी तुम्हाला धनगर म्हणून बघितलंय. आता तुम्हाला पुढं उभं केलं तर मी त्यांना फसवलं असं नाही का होणार? शाळेचं नाव जाईल."

"मंग मी कधी जायाचं?"

"साहेबांची बदली झाली की. माझा शब्द."

आणि यंदाच्या तपासणीच्या दिवसाची बंडगरांना न मागता रजा मिळाली. हेडमास्तरांनी रजेचा अर्ज स्वतःच लिहून त्यांच्यापुढं सहीला ठेवला. कारण लिहिलं होतं, 'पोटदुखी'.

घरी ते सांगितलं तेव्हा मुक्ताबाई भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "आता तुमच्या पोटात कधी दुखायचं तेबी त्योच ठरवतो का?"

त्या दिवशी बंडगर रजेवर राहिले नाहीत. आम्ही तोवर चौथीत गेलो होतो आणि मास्तरही आमच्याबरोबर वर आले होते. कोट घातला, टोपी घातली, आणि घंटेच्या आधी वर्गात येऊन फळ्यावर नकाशा काढायला लागले. इन्स्पेक्टर दारात आले, हेडमास्तर त्यांच्या मागं. हेडमास्तरांनी आत बघितलं आणि त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं.

इन्स्पेक्टर बराच वेळ बंडगरांकडं बघत राहिले. "तुम्हाला मी कुठं तरी पाहिलंय."

"व्हय साहेब," बंडगर म्हणाले. मुद्दाम तसंच म्हणाले. "गेल्या साली ह्याच पोरांच्या वर्गात. मेंढी मी धरली हुती. मी धनगरच हाय. आन् ह्या शाळेचा सात वर्सांचा मास्तरबी हाय, बी. ए. झालेला. पाठ माझा हुता."

 आम्हाला वाटलं, आता हेडमास्तर गेले.

कसले जातायत! दोन पावलं पुढं येऊन त्यांनी बंडगरांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, मी हे गेल्याच वर्षी सांगणार होतो, पण म्हटलं आपणच ओळखावं. हाच माझ्या शिक्षक-सुधार योजनेचा गाभा. शिक्षकानं पदवीचा अहंकार सोडावा, मुलांसमोर कोणतीही भूमिका घ्यावी. बंडगरांना तयार करायला मला सहा वर्षं लागली."

इन्स्पेक्टरांचा चेहरा खुलला. "विलक्षण! म्हणजे तो अभिनय होता?"

बंडगर म्हणाले, "न्हाय साहेब, अभिनय न्हवता..."

"बघा, अजून भूमिकेत आहेत!" हेडमास्तर म्हणाले आणि दोघंही हसत पुढच्या वर्गात गेले. बंडगर खडू हातात धरून तसेच. आम्ही पोरंही खाली मान घालून बसलो, कारण आम्हाला सगळं ठाऊक होतं आणि आमच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. मला विचाराल तर त्या वर्गात त्या दिवशी एकही तोंड स्वच्छ नव्हतं.

महिन्यानं इन्स्पेक्टरांचा अहवाल आला. हेडमास्तरांनी तो मास्तर लोकांना मोठ्यानं वाचून दाखवला. ह्या शाळेत शिक्षक घडवण्याचं काम इतकं उत्तम चालतं, की बाहेर कुणाला पाठवायची निकड दिसत नाही. विशेषतः श्री. बंडगर यांच्यासारखे शिक्षक मुख्याध्यापकांच्या देखरेखीखालीच अधिक चांगले तयार होतील. सबब यंदा मुंबईला कुणी नाही.

"अभिनंदन, बंडगर," हेडमास्तर म्हणाले. "साहेबांनी नावानिशी उल्लेख केलाय. माझ्या एवढ्या वर्षांत कुणाचा झाला नव्हता."

त्यानंतरच्या शनिवारी आदर्श पाठ होता. हेडमास्तरांनी विषय घेतला होता 'शिक्षकाचे आत्मबल'. पोरं न घेता थेट मास्तर लोकांनाच शिकवलं; हेही मला रामहरीकडनंच कळलं. पाऊण तास बोलले. मग रिवाजाप्रमाणे एकेक मास्तर उठून आपण काय शिकलो ते सांगायला लागला. मुंबईहून सुट्टीत आलेला सोमलिंग म्हणाला, धैर्य शिकलो. दुसरा म्हणाला, त्याग शिकलो. बंडगरांची पाळी आली.

"मी टीका करणार हाय," ते म्हणाले.

"आदर्श पाठावर टीका नसते," सोमलिंग म्हणाला.

"सात वर्सं ह्या खोलीत कुणी कुणाला खरं बोललं न्हाई. मी बी न्हाई. तुमी झोपत हुता सर, आन् आमी तुमच्या झोपेला मार्गदर्शन म्हणत हुतो. तुमी कुणालाबी काय शिकवलं न्हाय. सोमलिंगला मुंबईनं शिकवलं. मला येडूच्या मेंढरांनी. पोरांना जे येतंय ते पोरं आपापसात शिकल्यात. तुमी फकस्त वही लिवली." मग म्हणाले, "आवाज मात्र चांगला चढा हुता."

 हेडमास्तरांनी वही उघडली, टाक उचलला, आणि म्हणाले, "बंडगर, एप्रिलनंतर जूनमध्ये येण्याची तसदी घेऊ नका."

"एप्रिलपातूर तरी कशाला," बंडगर म्हणाले आणि निघाले.

त्यांच्या मागं कुणी उठलं नाही. उठंल असं कुणाला वाटलंही नाही. दारात रामहरी होता. त्यानं बाजूला सरून वाट दिली आणि पायाला हात लावला. मास्तरांनी हात झटकला. "उगं नाटक करू नगंस," म्हणाले.

हे ऐकून कुणाला बंडगरांनी फार मोठं काही केलं असं वाटत असंल, तर मला तसं वाटत नाही. सात वर्षं उशिरा उठलेला माणूस तो. पहिल्या 'सुधारणेस वाव' ला उठला असता तर एवढं सगळं घडलं नसतं. त्यांना बी. टी. कधीच मिळाली नाही. दुसऱ्या कुठल्या हायस्कुलानं घेतलं नाही, कारण कलशेट्टींचं शिफारसपत्र हवं होतं. शेवटी अक्कलकोटाकडं एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत चौथीपर्यंतच्या पोरांना कानडी आणि मराठी दोन्हीत शिकवत राहिले. तिथं हेडमास्तर नव्हता. ते एकटेच होते. मुक्ताबाईला तेवढं बरं पडलं, की तिथं उन्हाळ्यात कुणी हाकलत नव्हतं.

कलशेट्टींचा पुढं जिल्ह्याच्या शिक्षक परिषदेत सत्कार झाला. भाषणात ते म्हणाले, मी घडवलेले शिक्षक आज खेड्यापाड्यांत पसरले आहेत. टाळ्या पडल्या. मीही तोवर मास्तर झालेला, मागच्या रांगेत होतो. मी बाहेर येऊन गटारात थुंकलो, आणि तोंडाची चव काही केल्या जाईना म्हणून पुन्हा थुंकलो.